दोन लिंबे म्हणजे किती?

बेने इस्राएल घरातल्या कोंबडीची कृती विचारली की पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : "कोंबडीला आले-लसूण, हळद, मीठ आणि दोन लिंबे लावून ठेव." सांगणारी आजी अलिबागची, रेवदंड्याची नाहीतर मुंबईच्या भायखळ्याची. ऐकणारी नात लोदची, अश्दोदची किंवा दिमोनाची. नात शूकमधून दोन मोठी पिवळी लिमोन आणते, सगळा रस पिळते, मसाला चोळते आणि भांडे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते. दुसऱ्या दिवशी कोंबडी आंबटढाण. वरून भुसभुशीत, आतून कोरडी. मग नात म्हणते, आजीच्या हाताची चव काही येत नाही. आजी मान डोलावते, आणि खरे सांगायचे तर तिला ते ऐकून थोडे बरेही वाटते.

हाताचा इथे काही संबंध नाही. घोटाळा लिंबात आहे. कोकणातले कागदी लिंबू पातळ सालीचे, लहान. त्यातून एक, फार तर दीड मोठा चमचा रस निघतो. इथल्या एका लिमोनमधून सहज तीन चमचे निघतात. म्हणजे आजीची दोन लिंबे आणि इथले एक लिमोन यांचा हिशेब साधारण सारखा. नातीने दुप्पट आंबट घातले आणि वर दहा-बारा तास ठेवले. आजीने सांगितले ते खरे होते, नातीने केले ते शब्दाबरहुकूम होते, तरी कोंबडी बिघडली. वारसा असाच बिघडतो. कोणी तो मुद्दाम टाकून देत नाही, शब्द तसेच राहतात आणि त्यांच्या मागची वस्तू बदलते.

ही दोन फळे परकी नाहीत, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. सुक्कोथला लुलावबरोबर जो एत्रोग हातात घेतात, त्याला मराठीत महाळुंग म्हणतात. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातातले फळ तेच. महाळुंगाचा आंबट संत्र्याशी संकर होऊन इथले लिमोन झाले आणि एका रानटी लिंबूवर्गीय झाडाशी संकर होऊन कागदी लिंबू झाले. बाप एक, आया दोन. नावेही नात्यातलीच आहेत. लिंबू, फारसीतले लिमू, अरबीतले लैमून, हिब्रूतले लिमोन, सगळे एकाच घराण्यातले शब्द. नात हिब्रू बोलते तेव्हाही अर्धे मराठी बोलत असते. तिला ते कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

आता वेळेचे. आजी "लावून ठेव" म्हणते, "मुरव" म्हणत नाही. लोणचे मुरते, मोरावळा मुरतो, त्याला दिवस लागतात, आठवडे लागतात. कोंबडीला लिंबू-मीठ लावून ठेवतात, कांदा चिरून आणि नारळ खोवून होईपर्यंत. छापील पाककृतींत "मुरू द्यावे" असेही लिहितात हे खरे, पण घरातल्या बोलीत हा फरक पुष्कळ बायका पाळत आल्या आहेत आणि तो विनाकारण नाही. लिंबाचे आम्ल मांसाच्या वरच्या थरावर काम करते, फार आत शिरत नाही. थोडा वेळ ठेवले तर तो थर मऊ होतो आणि मसाला धरतो. फार वेळ ठेवले तर त्याच आम्लाने तो आवळतो, पाणी सोडतो आणि त्याचा भुगा होतो. आत जाते ते मीठ, लिंबू नव्हे. मुलांच्या तोंडी आता "मारिनादा" हा शब्द आहे. त्या शब्दात तास सांगितलेले नसतात, "लावून ठेव" मध्ये ते आहेत. मराठीचे वर्ग कशासाठी, असे एखादा तरुण विचारतो तेव्हा त्याला मोठे उत्तर देण्याची गरज नाही. हे एक पुरे.

मिठाचेही असेच झाले आहे. भारतात कोंबडी कोशेर करण्याचे काम घरच्या मोरीपाशी व्हायचे : अर्धा तास पाण्यात, तासभर मिठात, मग तीनदा धुणे. घरातल्या पोरीला ते दिसायचे, म्हणून मसाल्यात मीठ बेताने घालायचे हे तिला वेगळे सांगावे लागत नसे. इथे कोंबडी दुकानातच मिठातून निघून धुतलेली मिळते. नातीला ते मीठ दिसतच नाही, आणि ती पुन्हा मूठ भरून टाकते.

पण मापाची चूक सुधारता येते. जास्त काळजीची गोष्ट निराळी आहे. अलीकडे लिंबाच्या कोंबडीकडे गरिबाघरची तडजोड म्हणून पाहण्याची सवय लागू लागली आहे. भारतीय हॉटेलात तंदुरी कोंबडी दह्यात घालून ठेवतात, चित्रफितींतही दहीच दिसते. मग एखाद्या घरात सोयाचे पारवे दही आणतात, त्यात कोंबडी घालतात आणि म्हणतात, आता खरी भारतीय झाली. पूर्वी दही चालत नव्हते, म्हणून बिचाऱ्यांनी लिंबू वापरले, असा त्यामागचा समज.

हा समज उलटा आहे. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये ही आज्ञा तोरात तीन ठिकाणी आली आहे. कोंबडीला दूध नसते, मग तिला हा नियम कशाला, हा प्रश्न आजच्या मुलांनीच पहिल्यांदा काढलेला नाही. रब्बी योसे हग्लिली यांनी तो मिश्नाच्या काळातच काढला होता आणि त्यांच्या गावात कोंबडी दुधातून खात, असे तालमुदात नमूद आहे. पुढे सर्वांसाठी नियम ठरला तो मात्र मनाईचा. कोकणातल्या बेने इस्राएल स्वयंपाकाने या मनाईभोवती नुसते कुंपण घातले नाही, एक पूर्ण चव उभी केली. दह्याच्या जागी लिंबू, दुधा-सायीच्या जागी नारळाचे दूध, जेवणानंतरच्या ताकाच्या जागी सोलकढी. माशाला कोकम, कोंबडीला लिंबू. समुद्र, माड आणि परसातले लिंबाचे झाड यांच्यामध्ये राहणाऱ्या आणि तेलाच्या घाण्यावर पोट भरणाऱ्या लोकांनी जवळ होते त्यातून हे केले. त्यात उणे काय आहे? दही मसाल्याला झाकते, लिंबू त्याला उघडे करते. हिरव्या मिरची-कोथिंबिरीचे वाटण दह्यात फिकट पडते आणि लिंबात चमकते, हे कोणीही एका दुपारी दोन वाट्या समोर ठेवून पाहावे.

सोयाच्या दह्यात पाप नाही. ते कोशेर आहे, ज्याला आवडते त्याने खावे. फक्त त्याला "आपली जुनी कोंबडी" म्हणू नये आणि जुन्या कोंबडीला त्याची नक्कल समजू नये.

हेच संत्र्याच्या रसालाही लागू आहे. इथे संत्र्याच्या रसात कोंबडी भाजण्याची पद्धत घरोघरी आहे आणि मुलांना ती आवडते. ते साहजिकच आहे, याफाच्या शामूती संत्र्यांचा हा देश. (संत्र्याला हिब्रूत तपूझ म्हणतात, म्हणजे तपूआख झाहाव, सोन्याचे सफरचंद, याचा संक्षेप. इतके सुंदर नाव मराठीत त्याला मिळाले नाही.) पण संत्र्यात आम्ल थोडे आणि साखर पुष्कळ. त्याने कोंबडी लिंबासारखी तयार होत नाही, रंग मात्र धरते, आणि आच जास्त झाली तर काळी पडते. तो पदार्थ इस्राएलचा आहे, चांगला आहे, करावा. काही ज्येष्ठ त्याच्याकडे बघून नाक मुरडतात ते बरोबर नाही. १९५०च्या दशकात जी कुटुंबे इथे उतरली त्यांनी रेशनच्या दिवसांत नारळावाचून, हव्या त्या तांदळावाचून संसार केला. त्या पिढीने हाताशी आले ते वापरले, तसे नातवंडांनीही वापरावे. प्रश्न पदार्थ बदलण्याचा नाही, जुना पदार्थ ठाऊक असण्याचा आहे. ज्याला मूळ येते त्याने बदल केला तर तो बदल. ज्याला मूळ येतच नाही त्याच्या हातून होते ते फक्त विसरणे.

आणि या विसरण्याचा सगळा दोष तरुणांवर टाकता येणार नाही. माप विचारले की ज्येष्ठांचे उत्तर काय असते? "अंदाजाने." मसाला किती? "हाताला कळते." किती वेळ? "होईपर्यंत." ज्या घरात मुलगी रोज आईजवळ उभी असायची तिथे हे उत्तर पुरेसे होते. आज नात दुसऱ्या गावात राहते, सैन्यात असते, शिकत असते आणि फोनवर विचारते. तिला "अंदाजाने" सांगणे म्हणजे न सांगणेच. अंदाज ही सांगायची गोष्ट नाही, शेजारी उभे करून द्यायची आहे. तेवढे जमत नसेल तर चमचा हातात घ्यावा, मोजावे आणि आकडा सांगावा. त्यात कमीपणा नाही.

म्हणून मराठी वर्गात कोंबडीची कृती नुसती फळ्यावर लिहून भागणार नाही. चूल पेटली पाहिजे. चिरणे, ठेचणे, वाटणे, चोळणे, पिळणे, परतणे ही क्रियापदे वहीतून पाठ होत नाहीत, हाताला कामाला लावल्यावर एका तासात बसतात. आंबटाशी समाजाचे नाते किती जुने आहे तेही तिथेच सांगता येईल. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापलेल्या इतिहासात पेसाखचे जुने नाव दिले आहे, अनशी धाकाचा सण. म्हणजे आंबट चटणीचे भांडे झाकण्याचा सण. वर्षभराचे आंबलेले त्या आठ दिवसांत झाकून ठेवायचे. लिंबू मात्र झाकावे लागत नसे. ते झाडावरचे, ताजे, आंबवलेले नव्हे, म्हणून पेसाखलाही पानात येई. हे ऐकल्यावर मुले लिंबाकडे वेगळ्या नजरेने पाहतील. न पाहिली तरी जेवतील.

कृती मापासह अशी. हाडासकट कोंबडीचे तुकडे एक किलो, साल काढलेले, मांसल भागाला दोन-तीन चिरा दिलेले. त्यावर इथल्या एका लिमोनचा रस, म्हणजे तीन मोठे चमचे; अर्धा लहान चमचा हळद, दोन मोठे चमचे आले-लसणाची गोळी, आणि मीठ अर्धा लहान चमचाच, उरलेले शेवटी चव पाहून. हाताने चोळावे, चिरांच्या आतपर्यंत. भांडे काचेचे, चिनी मातीचे किंवा स्टीलचे घ्यावे. जुन्या पितळेच्या भांड्याची कल्हई गेली असेल तर त्यात आंबट कळकते, हे ज्येष्ठांना ठाऊक आहे; अॅल्युमिनियमही नको. फ्रिजमध्ये पाऊण तास, फार तर दोन तास.

तेवढ्या वेळात कोथिंबिरीची एक जुडी, सहा हिरव्या मिरच्या आणि मूठभर ओले खोबरे यांचे वाटण करावे. दोन कांदे तेलात गुलाबी परतावेत, वाटण घालून तेल सुटू द्यावे, मग कोंबडी तिच्या रसासकट टाकावी. तो रस कच्च्या कोंबडीचा आहे, तो शिजलाच पाहिजे. बाजूला ठेवून वरून घालू नये. नंतर नारळाचे पातळ दूध घालून झाकण ठेवून शिजवावे. हाडाजवळचे मांस सुटू लागले की दाट दूध घालावे आणि आच अगदी कमी करावी. इथे घाई केली, उकळी फुटली, तर आंबटामुळे दूध फाटते. चव जात नाही, रूप जाते.

गॅस बंद केल्यावर अर्ध्या लिंबाचा रस वरून पिळावा, कारण आधीच्या रसाचा वास शिजण्यात उडालेला असतो. शुक्रवारी मात्र हे करू नये. प्लातावर तासन्‌तास राहिले की वरचे लिंबू कडवटते. त्या दिवशी लिंबाच्या फोडी ताटात द्याव्यात, आणि ज्या घरात शब्बाथला फळ पिळत नाहीत तिथे मेणबत्त्या लावण्याआधीच रस एका वाटीत काढून झाकून ठेवावा.