नुसती सहीच तर करायचीय!

मैत्रिणींनो, शाळेच्या सहलीच्या संमतिपत्रावर आपण भाजी निवडता निवडता सही करून देतो ना? परवा माझी धाकटी जाऊ तसाच एक कागद घेऊन आली. पुतणी तेरा वर्षांची, बॅडमिंटन छान खेळते. एका अकादमीत निवड झाली, पेढेही वाटून झाले. उरली होती फक्त पालकांची सही.

कागद कसला, चांगला चार पानी करार! तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात दोन अटी. मुलीच्या बक्षिसांतला नि जाहिरातींतला पाचवा हिस्सा तिच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत अकादमीचा. आणि मध्येच सोडलं तर तीन वर्षांची उरलेली फी पालकांनी एकरकमी भरायची.

"ताई, सर म्हणाले नुसती पद्धत आहे," जाऊ म्हणाली.

माझ्या वकीलमैत्रिणीला विचारलं. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला करार करता येत नाही. त्याने केलेला करार मुळातच रद्द, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ सालीच ठरवलंय. मग त्याच्या वतीने आईबापांनी सही केली तर? हिंदू कुटुंबांसाठी १९५६ चा पालकत्वाचा कायदा आहे. त्याच्या आठव्या कलमाप्रमाणे पालकाने मुलाच्या हिताचं जरूर करावं, पण आपल्या शब्दाने मुलाला व्यक्तिशः बांधून टाकायचा अधिकार त्याला नाही. तेव्हा तो पाचवा हिस्सा कोर्टात टिकणं कठीणच.

पण फीची अट? तिथंच तर खरी गोम आहे! ते वचन आईबापांनी स्वतःच्या नावाने दिलेलं. लेक सुटली तरी तगादा आपल्याच दारी यायचा.

म्हणून सांगते, कागद तिथल्या तिथे सही करून देऊ नका, घरी आणा. फी तिमाही घेता का, खेळताना हातपाय मोडला तर खर्च कुणाचा, विमा आहे का, हे विचारा. 'काळजी करू नका हो' हे उत्तर नव्हे. जी अट बदलेल ती कागदावर बदलून घ्या, दोघांच्याही सह्या हव्यात, आणि एक प्रत आपल्या कपाटात.

जाऊ गेली विचारायला. सर आधी घुश्शात, मग फी तिमाही घ्यायला कबूल झाले. हिश्शाची अट मात्र काढत नाहीत. पुतणी दोन दिवस आईशी बोलत नाहीये, रॅकेट उशाशी घेऊन झोपते. सोमवारी जाऊ पुन्हा जाणार आहे, या खेपेला मीही सोबत.