राष्ट्रगीत शिकवा, पण अर्थासह आणि धाकाविना!



शाळांनी मुलांस राष्ट्रगीत शिकवावे काय? "ज्या समाजाने आम्हांस गावकुसाबाहेर ठेवले, त्याचे गीत आमच्या मुलांनी का म्हणावे?" असा सवाल आपल्यातील काही तरुण संतापाने करतात. उलटपक्षी, जो गात नाही तो देशद्रोही, असा निवाडा देणारे स्वयंघोषित देशभक्तही थोडे नाहीत. आमचे मत या दोघांसही रुचणार नाही. शाळांनी राष्ट्रगीत अवश्य शिकवावे. परंतु ते अर्थासह शिकवावे आणि धाक न घालता शिकवावे.

संतापलेल्या तरुणांनी बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा वाचावे. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईच्या मणिभवनात, आपणांस मायभूमीच नाही, असे त्यांनी गांधीजींना तोंडावर सुनावले. त्याच बाबासाहेबांनी १९४७ साली मसुदा समितीचे अध्यक्षपद स्वीकारले. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या सदस्यांनी संविधानावर सह्या केल्या, आणि त्याच दिवशी राजेंद्रप्रसादांनी 'जन गण मन' हे राष्ट्रगीत असल्याचे सभेत जाहीर केले. म्हणजे हे गीत कोणा उच्चवर्णीयाच्या घरचे नव्हे, ते संविधानासोबत आलेले आहे. आपला वारसा आपणच का टाकून द्यावा?

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आईबापांचे मूल गीतातील 'भाग्यविधाता' कोणास म्हणणार? हा विधाता कोणी इंग्रज राजा नव्हे, हे रवींद्रनाथांनी १९३७ साली स्पष्ट केले. त्यांच्या मनात विश्वाच्या नियंत्याचे रूप होते, हे खरे. परंतु आज हे गीत 'आम्ही भारताचे लोक' अशी सुरुवात करणाऱ्या संविधानाच्या छायेत गायले जाते. या देशाचे भाग्य घडविणारा येथील नागरिक आहे, असा अर्थ बौद्ध मुलाने खुशाल करावा. शिक्षकाने हे समजावून सांगितले, तर श्रद्धा आणि देशप्रेम यांत झगडा उरत नाही.

तरीही ज्याचे मन मानत नाही, त्याचे काय? केरळमध्ये १९८५ साली यहोवाच्या साक्षीदारांच्या पंथातील तीन भावंडांस शाळेतून काढून टाकण्यात आले. ती मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांस शाळेत परत घ्यावयास लावले. १९७१ चा राष्ट्रीय सन्मानाचा कायदा गीतात मुद्दाम अडथळा आणणाऱ्यास शिक्षा देतो. मौन पाळणाऱ्यास नव्हे. हे आम्ही मुलांनी गाऊ नये म्हणून सांगत नाही. छडीच्या भयाने गाणारा मुलगा नागरिक होत नाही, तो केवळ हुकूम पाळावयास शिकतो, म्हणून सांगतो.

राष्ट्रगीताआडून शाळेत धार्मिक प्रार्थनाही शिरू पाहते. तेथे सावध राहा. राष्ट्रगीत सर्वांचे आहे, देवीची वंदना सर्वांची नाही. शासनमान्य वा अनुदानित शाळेत कोणासही संमतीवाचून धार्मिक उपासनेत भाग घ्यावयास लावता येत नाही, असे संविधानाचे २८ वे कलम सांगते. नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत, म्हणून त्याची वेतनवाढ रोखली गेली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने, अशी सक्ती मूलभूत हक्कांचा भंग करते, असा निर्णय दिला.

आता जव्हार-मोखाड्याकडे पाहा. येथे आपली मुले वारली, कोकणा, कातकरी, ठाकर मुलांसोबत एकाच रांगेत उभी राहतात. कित्येकांस शाळेतली मराठीच परकी, मग संस्कृतप्रचुर बंगाली कोठून समजणार? तरीही अर्थाचा एक शब्द न सांगता हे गीत घोकवून घेतले जाते. याच जिल्ह्यातील कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा नेली. तेथे असे घोकणे नव्हते. मुलाच्या भोवतालच्या वस्तूंतून शिक्षण होते. गीतातील यमुना-गंगा सांगताना शिक्षकाने वैतरणेचेही नाव घ्यावे. मोखाड्याच्या हद्दीतील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईस जाते आणि येथील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, हेही सांगावे. १९९२-९३ साली जव्हारच्या वावर-वांगणीत बालके कुपोषणाने दगावली, तीही याच 'जन'मधली होती. दिवाळीनंतर आईबापांमागे वीटभट्टीवर जाणारे मूल राष्ट्रगीताच्या रांगेत नसते. त्याची गैरहजेरी हा राष्ट्राचा अपमान नव्हे काय?

म्हणून, आईबापांनो, शाळेत जा आणि गुरुजींस नम्रपणे, पण ठामपणे विचारा: राष्ट्रगीताचा अर्थ सांगता काय? २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून शासनाने सक्तीचे केलेले संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन घेता काय? वीटभट्टीवर गेलेल्या मुलांस परत आणण्यासाठी काय केले? आणि घरी मुलास सांगा: बाळ, ताठ उभा राहा, मान वर कर आणि गा. हा देश तुझा आहे. त्यात तुझे जे देणे आहे, ते मागावयासही शीक.

जय भीम!