आठ विरुद्ध एक, आणि कारण नाही

२७ एप्रिल १९५९. नौदलातले कमांडर कावस नानावटी यांच्या रिव्हॉल्व्हरच्या गोळ्यांनी मुंबईत प्रेम आहुजा याचा जीव घेतला. झटापटीत गोळ्या चुकून सुटल्या, असा बचाव होता. मग नुकताच आंघोळ करून आलेल्या आहुजाच्या कमरेचा टॉवेल जागेवरच कसा राहिला, असा सरकार पक्षाचा सवाल होता. शिवाय आहुजाशी असलेल्या संबंधांची पत्नीची कबुली ऐकल्यावर नानावटींनी कुटुंबाला मेट्रो सिनेमाला सोडलं, जहाजावरून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली आणि मग आहुजाचं घर गाठलं. तरीही नऊपैकी आठ ज्यूरींनी त्यांना निर्दोष ठरवलं.

‘ब्लिट्झ’ने ज्यूरींची मती फिरवली, असं आजही सांगितलं जातं. या साप्ताहिकाने नानावटींची बाजू लावून धरली, हे खरंच. पण सगळा दोष त्या आठ जणांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. अपघाताचा बचाव घेणाऱ्या आरोपीलाच तो सिद्ध करावा लागतो, ही कायद्यातली कळीची गोष्ट सत्र न्यायाधीशांनी त्यांना सांगितलीच नव्हती. निकाल न पटल्याने त्याच न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे ही चूक उघड झाली. उच्च न्यायालयाने दिलेली जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये कायम केली.

ज्यूरीत कोण बसतं, यावरही पुराव्याचं वजन ठरतं. महाराष्ट्राने हे फार आधी भोगलं आहे. १९०८ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा पुरावा होता ‘केसरी’तले मराठी लेख आणि ज्यूरीत होते सात युरोपीय, दोन पारशी! लेखांचा अर्थ लावायला त्यांच्यापुढे इंग्रजी भाषांतरं होती. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले आणि सहा वर्षांसाठी मंडालेला गेले.

एका ज्यूरीने सोडलं, दुसरीने अडकवलं. का, ते दोघींनीही सांगितलं नाही. तसं बंधनच नव्हतं. ज्यूरीविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे. कारण कळलं नाही, तर चूक नेमकी कुठे झाली हे शोधायचं कसं?

नानावटी खटल्यामुळे भारतातली ज्यूरी गेली, ही दंतकथा आहे. ती रद्द करण्याची शिफारस विधी आयोगाने १९५८ मध्येच केली होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तिला पूर्णविराम दिला.

आज न्यायाधीशाला निकालाची कारणं लिहावीच लागतात. एखादा निकाल ऐकून संताप आला, तर वाचकांनी टीव्हीवरच्या चर्चेवर विसंबू नये. निकालपत्र मिळवून वाचावं. कोणता पुरावा का मानला आणि कोणता का नाकारला, ते त्यात असतं.