साथीचे रोग आणि सिकलसेलचे रुग्ण

साथ आली म्हणजे तिचा घाला सर्वांवर सारखाच पडतो, असे आपण सहज बोलून जातो. हे अर्धेच खरे आहे. १९१८ साली मानमोडी आली, तेव्हा तिने धडधाकट तरुणही नेले. २०२० साली कोविड आला, तेव्हा वृद्धांस व मधुमेही माणसांस अधिक जपावे लागले. प्रत्येक साथीची मर्जी निराळी. परंतु काही माणसे अशी असतात की, साथ कोणतीही असो, तिची वक्र दृष्टी त्यांच्याकडे वळतेच. आणि ती बहुधा तरुण असल्यामुळे कोणाच्या ध्यानात येत नाहीत. सिकलसेलचे रुग्ण ही अशी माणसे होत.

हा रोग आपणांपासून दूर नाही. बडोद्याच्या पूर्वेस छोटा उदेपूर, त्यापलीकडे अलीराजपूर व झाबुआ, दक्षिणेस डांग, नंदुरबार आणि तिकडे विदर्भात थेट गडचिरोलीपर्यंत तो आढळतो. आदिवासींत तो अधिक आहे, पण विदर्भातील इतर अनेक समाजांतही आहे. भारतात त्याची नोंद झाली ती १९५२ साली. म्हणजे मानमोडीत या रोगाचे किती जीव गेले, हे सांगणारा कोणी नव्हताच. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. वाहक स्वतः सामान्यतः निरोगी असतो. आम्ही बोलत आहो ते प्रत्यक्ष रुग्णांविषयी. आमच्या घरच्या कोंकणीत रक्तास ‘रगत’ म्हणतात आणि खेड्यातील मराठीतही तोच शब्द ऐकू येतो. ‘त्यांच्या रगतातच खोट आहे’ असे कुजबुजून सोयरीक मोडणारी माणसे मात्र आम्हांस कोणत्याच भाषेत आवडत नाहीत. खोट कुळाची नव्हे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेले असते, इतकेच.

पण त्या इतक्याशा बदलाचा परिणाम फार मोठा होतो. प्राणवायू कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटून त्याचे ताठ तंतू बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व हाडांत असह्य वेदना उठतात. आता विषाणूचा ताप काय करतो, ते पाहा. अंगातील पाणी आटते, रक्त दाट होते, श्वास अपुरा पडतो. म्हणजे पेशी वाकण्यास जे जे लागते ते सर्व तो पुरवितो. फुप्फुसातच पेशी अडकल्या तर प्राणवायू आणखी घटतो, त्यामुळे आणखी पेशी वाकतात, आणि एका रात्रीत रुग्ण अत्यवस्थ होऊ शकतो. त्यातच या मुलांची पाणथरी बालपणीच निकामी होऊ लागलेली असते. रक्तातील जंतू गाळून काढणारा हा पहारेकरी नसल्यावर विषाणूमागून येणाऱ्या न्यूमोनियाच्या जंतूंस रान मोकळेच. १९८६ साली अमेरिकेत असे दिसून आले की, अशा बालकांस रोज पेनिसिलिन दिले असता न्यूमोकोकसचे गंभीर संसर्ग शेकडा ८४ ने घटतात. साधे, जुने, स्वस्त औषध!

कोविडच्या काळी या भीतीस आकडे मिळाले. अमेरिकेतील एका नोंदवहीत २०२० च्या वसंतात १७८ रुग्णांची माहिती जमली. त्यांतील १२२ रुग्णालयात दाखल झाले व १३ दगावले. त्यांचे सरासरी वय तिशीच्याही आत होते. डॉक्टरांनी आपण होऊन कळविलेल्या या नोंदी असल्याने सौम्य आजारी त्यांत कमी असावेत, हे आम्ही मान्य करतो. तथापि इंग्लंडमधील मोठ्या पाहणीतही रुग्णालयात दाखल होण्याचा धोका इतरांच्या सुमारे चौपट व मृत्यूचा सुमारे अडीचपट आढळला.

आमचा आक्षेप येथे आहे. १ मार्च २०२१ पासून आपल्या देशात साठीपुढील सर्वांस आणि ४५ ते ५९ वयाच्या ठरावीक रोगांच्या रुग्णांस लस देण्यास प्रारंभ झाला. त्या रोगांच्या यादीत सिकलसेलचे नाव होते, ही सरकारची दूरदृष्टीच म्हणावयाची. परंतु वयाची अट तशीच राहिली! पंचविशीतील रुग्णाचा रोग यादीत होता, पण तो स्वतः यादीबाहेर होता. त्याचा क्रम १ मेनंतर, म्हणजे दुसरी लाट ऐन भरात असताना, इतर सर्व तरुणांबरोबर आला. लस थोडी होती आणि वृद्धांचे मृत्यू सर्वाधिक होते, हे खरे. म्हणून वयाचा नियम आम्ही चूक म्हणत नाही. मात्र मूठभर रुग्णांस त्यातून सूट दिल्याने वृद्धांच्या वाट्यास काही कमी पडले नसते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी योजिली आहे. रोग चाळिशीच्या आत शोधावयाचा आणि संरक्षण पंचेचाळिशीपुढे द्यावयाचे, हा मेळ पुढील साथीच्या आधी बसविला पाहिजे. या तपासणीतून निघालेली नावे लस देणाऱ्या खात्याच्या हाती पहिल्याच दिवशी असावीत.

शाळांसही यात काम आहे. असा विद्यार्थी वारंवार गैरहजर राहतो, खेळाच्या तासाला लवकर थकतो. त्यास आळशी ठरविण्यापूर्वी शिक्षकांनी घरी चौकशी करावी. पाणी पिण्यास त्याला कोणत्याही तासाला मोकळीक असावी. थंडीत उघड्यावर उभे करण्याची शिक्षा तर कोणासच नको, यास मुळीच नको. ताप १०१ अंशांवर गेला तर ‘उद्या पाहू’ म्हणू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. इन्फ्लुएंझाची लस दरवर्षी टोचून घ्यावी व हायड्रॉक्सीयुरिया चालू असल्यास डॉक्टरांस विचारल्याविना थांबवू नये. साथीत वाहने बंद पडतात, म्हणून महिनाभराचा साठा घरी ठेवण्याविषयीही त्यांस विचारावे. शाळेच्या आरोग्यपत्रकात सिकलसेलचा एक रकाना असावा आणि तो पालकांच्या संमतीने भरून मुख्याध्यापकांच्या कपाटात राहावा. नावे मात्र वर्गात मोठ्याने वाचू नयेत.