युवानिधीचे तीन हजार की साडेदहा हजारांची नोकरी? एकदा बसून हिशोब करू या



सध्या संस्थेच्या कार्यालयात बीज, जाळी आणि लिलाव यांच्यापेक्षा एकच प्रश्न जास्त येतोय. पोरगं डिग्री झालंय, युवानिधीचे तीन हजार खात्यावर पडतात. आता बिदर नाहीतर हुमनाबादकडं दहा-साडेदहा हजारांची नोकरी मिळतीय, तर पाठवावं का? त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न असतोच. पोरगं कामाला लागलं तर बीपीएल कार्ड जाईल का, आईचे गृहलक्ष्मीचे दोन हजार बंद होतील का?

यावर गावात एक उत्तर तयार असतं. "सरकारनं फुकट दिलं, पोरं आळशी झाली." आम्हाला हे पटत नाही. पहाटे तीनला उठून बापाबरोबर तंगूस जाळं ओढणारं पोरगं आळशी नसतं. ते हिशोब करतंय, आणि तो हिशोब खरंच अवघड आहे. म्हणून तो इथं मांडतोय. पटला नाही तर खाली लिहा.

आधी काय बंद होतं आणि काय होत नाही, ते बघू.

युवानिधी नोकरी लागली की बंद होते. ती योजनाच बेकारांसाठी आहे. पास होऊन सहा महिने काम मिळालं नाही तर पदवीवाल्यांना महिना ३,०००, डिप्लोमावाल्यांना १,५००, आणि तेही जास्तीत जास्त दोन वर्षं. १२ जानेवारी २०२४ ला शिवमोग्ग्यात पहिले पैसे वाटले गेले.

गृहलक्ष्मी पोराच्या छोट्या नोकरीनं बंद होत नाही. ती घरच्या कर्त्या बाईच्या नावानं आहे. अंत्योदय, बीपीएल आणि एपीएल, तिन्ही कार्डांना ती लागू आहे. बाई किंवा तिचा नवरा आयकर किंवा जीएसटी भरत असेल तरच अडचण. तेव्हा "दोन हजार जातील" म्हणून पोराला घरी बसवू नका.

संस्थेचं सभासदत्व, मच्छीमारांचा अपघात विमा, किसान क्रेडिट कार्ड हे बापाच्या मासेमारीवर आहे. पोरगं कंपनीत गेल्यानं त्यातलं काही जात नाही.

आता राहिलं बीपीएल कार्ड. खरी भीती इथंच आहे, आणि ती खोटी नाही. आपल्या राज्यात बीपीएलसाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १ लाख २० हजारांच्या आत लागतं. म्हणजे सगळ्या घराचं मिळून महिन्याला दहा हजार. रोजगार हमीचा २०२५-२६ चा कर्नाटकातला दर दिवसाला ३७० रुपये होता. त्या दरानं महिन्यात २६ दिवस काम केलं तर ९,६२० होतात, वर्षाचे १,१५,४४०. सरकारच्याच मजुरीच्या दरानं एका माणसानं वर्षभर राबायचं म्हटलं तरी मर्यादेला फक्त ४,५६० रुपये उरतात. त्यात बापाची होडी चालू असेल तर मर्यादा कधीच ओलांडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये कार्डं रद्द होण्यावरून केवढा गोंधळ झाला ते सगळ्यांना आठवत असेल. शेवटी सरकारी नोकर आणि आयकर भरणारे सोडून बाकीच्यांची कार्डं परत देऊ, असं सरकारला सांगावं लागलं. पण मर्यादेचा आकडा तिथंच आहे, म्हणून लोकांच्या मनातली धास्तीही तिथंच आहे.

आता नोकरीचा हिशोब. पगार साडेदहा हजार धरू. पीएफचे बारा टक्के म्हणजे १,२६० कापले, ईएसआयचे ७९ कापले. हातात आले ९,१६१. बस, चहा, दुपारचं खाणं यांचे अडीच हजार धरा. उरले ६,६६१. युवानिधीचे ३,००० बंद झाले, म्हणजे वाढ झाली ३,६६१ ची. उद्या समजा कार्डही गेलं. पाच माणसांचा पन्नास किलो तांदूळ, सरकार पूर्वी तांदळाऐवजी पैसे द्यायचं त्या ३४ रुपयांच्या दरानं १,७०० चा होतो. तोही वजा केला तर उरले १,९६१.

२६ दिवस आठ-नऊ तास उभं राहायचं, आणि घरात बसण्यापेक्षा जास्त मिळणार दिवसाला पंचाहत्तर रुपये! पोरगं म्हणतं, "पंचाहत्तर रुपयांसाठी कोण मरंल?" त्याचं गणित बरोबर आहे.

पण ते गणित एका महिन्याचं आहे. जाळं घेताना आपण एका दिवसाच्या माशाचा हिशोब करत नाही, जाळं किती हंगाम टिकेल ते बघतो. नोकरीचाही तसाच हिशोब करायला पाहिजे.

पहिली गोष्ट, युवानिधी चोवीस महिन्यांनी संपते. सगळे मिळून जास्तीत जास्त ७२ हजार. पंचविसाव्या महिन्यात खात्यावर शून्य, आणि हातात दोन वर्षं जुनी डिग्री. कामावर गेलेल्या पोराजवळ त्या वेळी दोन वर्षांचा अनुभव असतो, आणि पगार थोडा तरी वाढलेला असतो.

दुसरी गोष्ट, पीएफचे कापलेले पैसे गेले नाहीत. दोन वर्षांत पोराचे स्वतःचे ३०,२४० जमतात, वर व्याज. मालकही तेवढेच भरतो, त्यातला मोठा भाग पेन्शनच्या खात्यात जातो.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बीपीएल कार्डावर आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. एपीएल झालं की खर्चाचा तीसच टक्के भाग मिळतो, तोही दीड लाखापर्यंत. घरात आजारी माणूस असेल तर तांदळापेक्षा ही भीती मोठी. पण ज्या नोकरीत ईएसआय कापतात तिथं पोराबरोबर त्याच्यावर अवलंबून असलेल्या घरच्यांनाही उपचार मिळतात. कलबुर्गीला ईएसआयचं मोठं हॉस्पिटल आणि मेडिकल कॉलेज आहे. ७९ रुपयांत हे मिळत असेल तर कार्डाची भीती निम्मी कमी होते. मात्र ईएसआय कापत नसतील तर ती भीती खरी माना.

चौथी गोष्ट, केंद्राच्या नव्या रोजगार योजनेत १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात पहिल्यांदाच पीएफच्या नोकरीला लागणाऱ्याला एका महिन्याचा पगार, जास्तीत जास्त १५ हजार, दोन हप्त्यांत मिळतो. पहिला हप्ता सहा महिने टिकल्यावर, दुसरा वर्ष झाल्यावर.

पोरींचा हिशोब तर वेगळाच आहे, आणि तो कोणी करतच नाही. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना राज्यातल्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे. वरच्या अडीच हजारांतले दीड हजार बसचे असतील तर पोरीचे ते वाचतात. तीच नोकरी, तोच पगार, पण पोरगी पोरापेक्षा महिन्याला दीड हजार जास्त घरी आणते. भालकी, हुमनाबाद, बसवकल्याणहून रोज जाऊन-येऊन करता येतं. उदगीरकडं काम असेल तर सीमेपलीकडच्या एसटीत अर्धं तिकीट आहेच. तरी घरात नोकरीचा विषय निघाला की आपण फक्त पोराचा विचार करतो. हे बदलायला पाहिजे.

म्हणजे मिळेल ती नोकरी घ्यावी का? नाही. सात हजार हातावर रोख, पगाराची चिठ्ठी नाही, पीएफ नाही, ईएसआय नाही, आणि काम बारा तास. खर्च आणि युवानिधी वजा करता तिथं महिन्याला दीड हजार जास्त उरतात. दोन वर्षांनी सांगायला अनुभवाचा कागदही नाही. अशा जागी पोरगं पाठवून आपण मालकाचं भलं करतो, घराचं नाही. असे मालक किमान वेतनाचा कायदा मोडतात, आणि "येणारी पोरं आहेत" म्हणूनच मोडतात.

एक ध्यानात ठेवा. असं रोखीचं काम लपून करायचं आणि स्वयंघोषणेत "काम नाही" लिहून युवानिधी घ्यायची, हे करू नका. पीएफचा नंबर आधारला जोडलेला असतो. आज नाही तर उद्या उघडं पडतं, आणि वसुली घराच्या मानगुटीवर बसते.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनाही एक सांगणं. ३७१ जे मुळं आपल्या कल्याण कर्नाटकातल्या पोरांना सरकारी भरतीत राखीव जागा आहेत, तेव्हा अभ्यास करणं चुकीचं नाही. पण तारीख ठरवून करा. युवानिधी संपेपर्यंत जमलं तर उत्तम. नाहीतर त्याआधीच दुसरी वाट धरलेली बरी.

होडीमालकांना आमची विनंती आहे. पोरगं घरी असतं म्हणजे बसलेलं असतं असं नाही. कारंजा असो, चुळकीनाला, अमरजा, मुल्लामारी की भीमेचं पात्र, निम्मी घरं पोराच्या हातांवर चालतात आणि त्याचा वाटा कुठंच लिहिलेला नसतो. बाहेरच्या गड्याला जो वाटा देता तो पोराच्या नावानं वहीत लिहा, त्याच्या खात्यात टाका. मग नोकरी बरी की होडी, हे त्याला आकड्यांत कळेल. त्यातून नियमित कमाई सुरू झाली की तीही स्वयंघोषणेत खरी लिहावी. उन्हाळ्यात पाणी उतरतं, पावसाळ्यात माशांच्या विणीचा काळ येतो. वर्षातले काही महिने हात रिकामेच असतात. अशा घरात एक पगार असला तर होडीवाल्याला व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागत नाही, आणि उचल नसली की माल पडत्या भावात द्यावा लागत नाही. हा फायदा कुठल्याच हिशोबात दिसत नाही, पण आपल्याला तो चांगला माहीत आहे.

आता सरकारला. दोष एकट्या पोरांवर ढकलून चालणार नाही. कामाला लागलेल्याची मदत त्याच दिवशी तोडायची, हा नियमच माणसाला घरी बसवतो. शेजारी महाराष्ट्रात २०२४ पासून युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना दहा हजार मिळू लागले, ते काम शिकत असताना. त्या योजनेतही मुदत संपल्यावर पुढं काय, हा प्रश्न आहेच. पण पैसा कामाला जोडलेला आहे. दूर फिनलंडमध्ये २०१७-१८ मध्ये दोन हजार बेकारांना महिना ५६० युरो दिले आणि काम लागलं तरी ते चालू ठेवले. लोक आळशी झाले नाहीत, उलट थोडे जास्तच दिवस कामावर गेले.

म्हणून येत्या वार्षिक सभेत तीन मागण्यांचा ठराव मांडावा असं आम्हाला वाटतं.

१. नोकरी लागल्यावर पहिले सहा महिने युवानिधी अर्धी तरी चालू ठेवावी.

२. नोकरी सुटली तर राहिलेल्या महिन्यांची युवानिधी नव्यानं अर्ज न करता परत सुरू व्हावी.

३. बीपीएलची १ लाख २० हजारांची मर्यादा वाढवावी, आणि घरात नवी नोकरी लागल्यावर निदान दोन वर्षं कार्डाला हात लावू नये.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत आमचं मत स्पष्ट आहे. चिठ्ठी, पीएफ आणि ईएसआय असलेली नोकरी पगार कमी असला तरी घ्यावी, युवानिधी सोडावी. या तिन्हींतलं काहीच नसेल तर नाही म्हणावं आणि दुसरी शोधावी.

ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे त्यांनी नोकरीचा कागद, रेशन कार्ड आणि बँक पासबुक घेऊन संस्थेच्या कार्यालयात यावं. लिलाव उरकला की आम्ही तिथंच असतो. बसून तुमच्या घराचा हिशोब करू. येताना पोराला बरोबर आणा, आणि पोरीलाही.

आपला,
सचिव, संस्थेच्या वतीने