नवे लायसन्स, जुनी गाडी आणि विम्याचा हप्ता

मुलाला नुकतेच लायसन्स मिळाले आणि कुणाकडून जुनी चारचाकी घ्यायचे ठरले, की घरात आनंदापाठोपाठ खर्चाची यादी येते. त्या यादीत पहिली कात्री लागते ती विम्याला. घोडेगाव हे अहिल्यानगर-छत्रपती संभाजीनगर महामार्गावरचे गाव. कांदा बाजाराच्या गाड्या आणि शनिशिंगणापूरला वळणारी वाहने यांची इथे सदा वर्दळ. अशा रस्त्यावर नवख्या हाताने गाडी चालवायची, तर विम्यात काटकसर कुठे करावी आणि कुठे करू नये, हे आज आम्ही सांगणार आहोत.

इंग्लंडमध्ये तरुण नवख्या चालकाला विम्यासाठी प्रौढांपेक्षा बरेच जास्त पैसे मोजावे लागतात. आपल्याकडे थर्ड पार्टी विम्याचा दर सरकार ठरवते, आणि तो गाडीच्या इंजिनावर ठरतो. चालवणारा 19 वर्षांचा असो वा 50 वर्षांचा, दर तोच. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरपत्रकात 1000 सी.सी.पर्यंतच्या खासगी कारला वर्षाला 2094 रुपये आणि 1000 ते 1500 सी.सी.पर्यंत 3416 रुपये होते, त्यावर जी.एस.टी. वेगळा. म्हणजे पहिली बचत गाडी निवडतानाच होते. नवशिक्याला लहान इंजिनाची गाडी पुरे. मात्र ठरलेल्या दरापेक्षा निम्म्यात कागद देणारा कुणी भेटला, तर सावध राहावे. पॉलिसीचा नंबर कंपनीकडे तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा हा दुसरा भाग. त्याचे दर कंपनीगणिक बदलतात, म्हणून तीन-चार ठिकाणी विचारावे. लहानसहान नुकसान स्वतः सोसायची तयारी दाखवली, तर हप्ता कमी होतो. वर्षभर क्लेम घेतला नाही, तर पुढच्या वर्षी या भागावर 20 टक्के सूट मिळते. ती वाढत 50 टक्क्यांपर्यंत जाते. यालाच नो क्लेम बोनस म्हणतात. म्हणून किरकोळ ओरखड्यासाठी क्लेम करू नये. मुदत संपल्यावर 90 दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर साठलेली सूट बुडते. जुन्या मालकाचा बोनस गाडीबरोबर आपल्याकडे येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. गाडी कमी फिरणार असेल, तर जितकी चालेल तितका हप्ता, अशी सोय 2022 पासून विमा नियामकाने मंजूर केली आहे. तिची चौकशी करावी.

आता जिथे काटकसर करू नये ते पाहू. गाडी घेतली, की आर.सी. बुकाप्रमाणेच विमाही आपल्या नावावर करावा. त्यासाठी 14 दिवसांत कंपनीकडे अर्ज द्यायचा असतो. विमा जुन्याच नावावर राहिला, तर आपल्या गाडीची भरपाई अडते.

दुसरी गोष्ट भाड्याची. खासगी विम्याच्या गाडीत पैसे घेऊन भाविकांना शिंगणापूरला नेणे म्हणजे पॉलिसीच्या अटी मोडणे. अपघात झाला, तर कंपनी हात वर करू शकते. भाडे मारायचे असेल, तर परवाना आणि विमा त्याच कामाचा घ्यावा. कांद्याची पिकअप चालवायची, तर कायद्याने वय 20 पूर्ण हवे. साडेसात टनांपर्यंतच्या अशा गाडीला हलक्या वाहनाचे लायसन्स चालते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट केले आहे.

तिसरी गोष्ट आईबापांनी नीट ऐकावी. मालक-चालकासाठी 15 लाखांचा अपघात विमा सक्तीचा आहे. तेवढ्या रकमेचा विमा आधीच असेल, तर दुसऱ्यांदा घ्यावा लागत नाही. पण तो मालकापुरताच असतो. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, तर मुलगा त्यात येत नाही. निदान बँकेतली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तरी त्याच्या नावे घ्यावी. 18 ते 70 वयापर्यंत, वर्षाला 20 रुपयांत, अपघाती मृत्यूला 2 लाखांचे संरक्षण मिळते.

विमाच नसेल, तर पहिल्या वेळी 2000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, होऊ शकते. पण खरा धोका दंडाचा नाही. रस्त्याने चाललेला एखादा मजूर आपल्या गाडीखाली आला, तर न्यायाधिकरण त्याच्या कुटुंबाला भरपाई देववते. विमा नसला, तर ती मालकाकडून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते. हातावर पोट असलेल्या मालकाकडे ती रक्कम नसेल, तर एका अपघातात दोन घरे बसतात, त्याचे आणि आपलेही.

म्हणून वाचकहो, ओरखडे सोसून, चौकशी करून जे वाचेल ते जरूर वाचवा. थर्ड पार्टीचे पैसे मात्र गाडीच्या किमतीतच धरा. तेवढे जमत नसतील, तर गाडी आणखी सहा महिन्यांनी घ्या.