भूगर्भाचे ज्ञान बासनात नको

मुंबईवरील लोकसंख्येचा भार हलका करावा, या हेतूने मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडील ९५ गावांच्या भूमीवर नवी मुंबई आकार घेऊ लागली. तेव्हापासून येथील निसर्गाचे रूप आमूलाग्र पालटले आहे. खाजणांत भराव पडले, पारसिकच्या डोंगरात खाणी झाल्या, विमानतळासाठी उलव्याची टेकडी छाटली गेली आणि नदीचा प्रवाहही वळविण्यात आला. डिसेंबर २०२५ मध्ये या विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. अशा प्रत्येक मोठ्या बांधकामापूर्वी जमिनीत बोअर घेऊन खालचे थर तपासावे लागतात. परंतु या शहराच्या पायाखाली नेमके काय आहे, हे सामान्य नागरिकाला एका ठिकाणी पाहता येईल अशी सोय झालेली नाही. एका कामाचा अहवाल त्या कामाच्या दप्तरात राहतो आणि शेजारच्या कामासाठी पुन्हा नव्याने बोअर घेतले जातात.

येथील भूरचना तर विशेष गुंतागुंतीची आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर देशावर जवळजवळ आडवे पसरलेले आढळतात. पनवेलच्या परिसरात मात्र ते पश्चिमेकडे वाकून समुद्राच्या दिशेने उतरतात. या कातळावर खाडीकाठी मऊ सागरी चिखल साचलेला आहे. त्याची जाडी थोड्याच अंतरात बदलते आणि त्यावर भार पडला की तो वर्षानुवर्षे हळूहळू खचत राहतो. सपाट नकाशा केवळ पृष्ठभाग दाखवितो. खोलीचे ज्ञान व्हावयाचे, तर अनेक बोअरांची माहिती जुळवून त्रिमिती प्रतिकृतीच सिद्ध करावी लागते.

ती सर्वांपुढे ठेवण्याचे साधन आता दुर्मीळ राहिलेले नाही. गूगल अर्थने २००५ मध्ये संगणकाच्या पडद्यावर फिरता पृथ्वीगोल आणला. इस्रोचे ‘भुवन’ २००९ मध्ये अवतरले. अशा गोलावर भूस्तरांचे उभे छेद त्यांच्या नेमक्या जागी मांडता येतात आणि कोणालाही आपले गाव शोधून त्याखालचे थर न्याहाळता येतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ‘भूकोश’द्वारे आपले नकाशे खुले केले आहेत. ब्रिटनच्या सर्वेक्षण संस्थेने दहा लाखांहून अधिक बोअरांच्या नोंदी जनतेस उपलब्ध करून दिल्या आहेत. नेदरलँड्सने तर २०१८ पासून अंमलात आलेल्या कायद्यानेच अशी माहिती मध्यवर्ती नोंदवहीत जमा करणे सरकारी यंत्रणांना बंधनकारक केले. अडचण तंत्राची नसून इच्छाशक्तीची आहे.

खुलेपणाविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातील. जमिनींचे भाव कोसळतील, हा पहिला. परंतु घर घेणाऱ्याच्या अज्ञानावर टिकणारा भाव जपणे हे लोककल्याणकारी शासनाचे काम नव्हे. सामान्य माणूस चित्राचा चुकीचा अर्थ लावील, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दोन बोअरांमधील थर हा अखेर तज्ज्ञांचा तर्क असतो. रंगीत, फिरते चित्र मात्र त्याला निश्चिततेचा आभास देते. यावर उपाय चित्र दडविणे हा नाही. माहिती प्रत्यक्ष कोठे मिळाली आणि अनुमान कोठे केले, हे त्याच चित्रावर स्पष्ट दाखविले पाहिजे.

हा प्रश्न केवळ अभियंत्यांच्या सोयीचा नाही. नवी मुंबईच्या पूर्वेस, खालापूर तालुक्यात, १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ताच राहिले. संभाव्य दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असे सरकारने त्या वेळी सांगितले. पडद्यावरच्या एखाद्या प्रतिकृतीने हा अनर्थ टळला असता, असा दावा करणे उथळपणाचे ठरेल. परंतु दप्तरातील यादीला वाडीवरचा माणूस प्रश्न विचारू शकत नाही. खुल्या चित्रात मात्र आपला डोंगर कोणी तपासला आणि कोणी तपासलाच नाही, हे त्याला दिसू शकते. कोरी जागा म्हणजे सुरक्षित जागा नव्हे, एवढे कळले तरी पुष्कळ साधेल.

म्हणून सार्वजनिक पैशातून घेतलेल्या प्रत्येक बोअरची नोंद ठरावीक मुदतीत खुल्या भांडारात जमा करण्याची अट शासनाने कंत्राटातच घालावी. सिडकोच्या क्षेत्रापासून आरंभ करावा आणि ही माहिती ग्रामपंचायतीतही समजेल अशा मराठीत द्यावी. भूमी संपादताना शासनाने ग्रामस्थांकडे सातबारा मागितला. त्या भूमीच्या पोटात काय आहे, याचा हिशेब मागण्याचा अधिकार आता ग्रामस्थांचा आहे.